कदम मॅडमची सही

कदम मॅडमनी मला पहिला धक्का नोकरीच्या पहिल्याच सकाळी दिला आणि पुढं तो त्यांचा शिरस्ताच झाला. सराफ्यात एका दुकानाच्या माडीवर आमचं रत्नतपासणी केंद्र होतं. मी तिथं रिपोर्ट टाईप करायला आणि खड्यांचे फोटो काढायला लागलो होतो. जिना चढून वर गेलो तर एक बाई हिरवी बांगडी दोऱ्यानं बांधून पाण्याच्या ग्लासात लोंबकळत सोडून तिच्याकडे टक लावून बसलेल्या. मला वाटलं, काहीतरी उतारा वगैरे चाललाय. मी दारातच थबकलो.

"आत या, नायतर बाहेर जा. दार उघडं ठेवू नका, वाऱ्यानं बांगडी हलायलीय," त्या मान न वळवता म्हणाल्या.

नंतर कळलं की तो उतारा नव्हता, वजन होतं. दगड एकदा हवेत तोलायचा, एकदा पाण्यात तोलायचा, की त्याची जात किती जड आहे ते समजतं. जेड हा हिरवा दगड साध्या गारेच्या दगडापेक्षा अंगानं जड. बाजारात गारेच्याच दगडाला हिरवा रंग पाजून जेड म्हणून खपवतात. पाण्याच्या एका ग्लासात ही लबाडी उघडी पडते हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं.

शालिनी कदम मूळच्या देवगाव रंगारीच्या, शेतकऱ्याघरच्या. जयपूरला जाऊन रत्नशास्त्र शिकून आलेल्या. अंगानं किरकोळ, केस घट्ट ओढून घातलेली वेणी आणि गळ्यात काळ्या दोरीत अडकवलेलं तपासणीचं भिंग. लग्न केलेलं नव्हतं. कुणी त्यावरून छेडलं की त्या ते भिंग बोटात धरून म्हणायच्या, "याच्यातून बघायची सवय लागली ना, कुणी पसंतच पडंना." आणि स्वतःच खो खो हसायच्या. रिपोर्ट लिहायच्या खणखणीत इंग्रजीत, बोलायच्या देवगावचं. मी पडलो देशपांडे, तीन पिढ्यांची कारकुनी रक्तात. कागदावरची भाषा तोंडात आणि तोंडातली कागदावर येऊ नये, अशा घरात वाढलेला. मला या बाईंचं सगळंच उलटं वाटायचं.

त्यांची खरी खोड म्हणजे गिऱ्हाइकाला सर्टिफिकेट वाचायला लावायची. कागद हातात दिला की गिऱ्हाईक निघालं, असं आमच्याकडे नव्हतं. समोर बसवायच्या आणि म्हणायच्या, "वाचा." माणूस चपापायचा. पैसे भरले, कागद मिळाला, आता ही परीक्षा कसली? पण सुटका नसायची. इंग्रजी येत नसेल तर त्या स्वतः ओळीवर बोट ठेवून मराठीत सांगायच्या. हा दगड कुठल्या जातीचा. हे वजन, ते आमच्या काट्यावर पुन्हा करून बघा. हा फोटो, तो हातातल्या दगडाशी ताडून बघा, ही शीर इथं दिसतीय ती फोटोत आहे का? आणि सगळ्यात खालची शेऱ्याची ओळ, जी बारीक अक्षरात असते आणि जिच्यात दगडावर काय काय उपचार केले ते लिहिलेलं असतं. ती त्या दोनदा वाचून घ्यायच्या. मग कागद उलटून मागच्या अटीही वाचून दाखवायच्या. शेवटी न चुकता सांगायच्या, "ह्याच्यात किंमत लिहिलेली नाय. हा ओळखीचा कागद हाय. किमतीचा कागद वेगळा, तो देणारा माणूस वेगळा. कुणी म्हणलं सर्टिफिकेट हाय म्हणून महाग, तर त्याला विचारा, कशाचं?"

आपल्याकडे कागद वाचायची चाल नाही, पुजायची आहे. बाहेरून आणलेल्या सर्टिफिकेटला लोक हळद-कुंकू लावून देवघरात ठेवायचे. दोन वर्षांनी शंका आली की तोच कागद घेऊन यायचे आणि कुंकवाचं बोट नेमकं शेऱ्याच्या ओळीवर उमटलेलं असायचं. मॅडम ओढणीच्या टोकानं ते हळूच पुसायच्या. खालून "रंग दिलेला" अशा अर्थाचे इंग्रजी शब्द वर यायचे आणि समोरच्याचा चेहरा उतरायचा.

एक निवृत्त हेडमास्तर आले होते. बायकोच्या साठीला त्यांनी कुठल्याशा प्रदर्शनातून गळ्यात घालायचं जेडचं पदक घेतलं होतं, सोबत बाहेरच्या कुठल्या लॅबचं सर्टिफिकेट. त्यावर स्वच्छ लिहिलेलं, टाईप बी. मास्तर खुशीत होते. म्हणाले, "टाईप ए नाही, मला माहीत आहे. पण बी म्हणजे काही वाईट नव्हे. माझा धाकटा आयुष्यभर बी ग्रेडमध्ये पास होत आला, आज इंजिनिअर आहे."

मी हसू दाबायला कॉम्प्युटरमागे तोंड लपवलं. मॅडम अजिबात हसल्या नाहीत. "गुरुजी," त्या म्हणाल्या, "ही इयत्ता नव्हं. ए म्हणजे दगड जसा निघाला तसा. बी म्हणजे तेजाबात टाकून त्याच्यातला मळ काढलाय आन् पोकळ जागेत राळ भरलीय. सी म्हणजे वरून रंग. तुमचं पदक जेडच हाय, खोटं नाय. पण आतून पोखरलेलं हाय, चार-दोन वर्षांत तडकंल." मास्तरांनी पदक रुमालात गुंडाळलं. मग हळूच म्हणाले, "हिला सांगू नका." त्यावर मॅडम म्हणाल्या, "मी कशाला सांगू? पण कागद घरात ठेवताय, त्यांनी वाचला तर?" मास्तर म्हणाले, "ती माझ्यासारखीच आहे. वाचणार नाही." दोघं मिळून हसले. पण मास्तर जिना उतरताना कठड्याला धरून उतरले, ते मला आवडलं नाही.

सराफ्यातले एक बडे दुकानदार एकदा वर आले. त्यांच्या हारातले मणी रंगवलेले निघाले होते. "मॅडम, एक लाइन का तो सवाल है," ते म्हणाले, "जेड लिहा, वजन लिहा, बाकी सगळं लिहा, फक्त ती खालची ओळ राहू द्या. जागा कमी पडली म्हणा." मॅडमनी त्यांना चहा मागवला. चहा संपू दिला. मग म्हणाल्या, "शेठ, तुमच्या पाटीवर 'सोन्याचांदीचे व्यापारी' लिहिलंय. त्यातलं 'सोन्या' तेवढं काढून टाकू या का? पाटीवर जागा होईल." शेठ उठून गेले ते महिनाभर काम पाठवेनात. आमचे मालक बाईंवर चिडले. मीही चिडलो, कारण पगार कामावर होता. बाईंना काही नाही. त्या रिकाम्या वेळात भिंगाखाली शेंगदाणे बघत बसल्या होत्या.

अशा या बाईंचा जीव की प्राण म्हणजे त्यांचा थोरला भाऊ, कचरूदादा. वडील लवकर गेले. दादानं शाळा सोडून शेती धरली आणि बहिणीला जयपूरला धाडलं. पोरगी दगड बघायला परमुलखात चालली म्हणून गावानं त्याची यथेच्छ टिंगल केली, तरी धाडलं. हिवाळ्यात तो हुरडा घेऊन माडीवर यायचा आणि आम्हां सगळ्यांना खाऊ घालायचा. उन्हानं रापलेला, मोठ्या हाडाचा, बोलायला मोकळा माणूस. आयुष्यभर वैजापूरच्या मोंढ्यात कांदा विकलेला. पुढं शेती पोरावर सोपवून त्यानं वेरूळला, लेण्यांच्या रस्त्यावर, टपरी टाकली. तिथं माळा, मूर्ती, रंगीत खडे विकायला लागला. बहीण दगडातली, मग आपणही दगडात, असं त्याला लई भारी वाटायचं.

त्याच सुमाराला जेडच्या बांगड्यांचा जोर झाला होता. नव्या सुनांना ऑफिसात काचेच्या चुड्याचा आवाज नको असतो, सासवांना हिरवं तर हवं असतं. मग मधला मार्ग म्हणून जेडची एक बांगडी निघाली. दादानं कुणा फिरत्या व्यापाऱ्याकडून पोतंभर बांगड्या घेतल्या आणि त्यातली एक बहिणीकडे तपासायला आणली. मॅडमनी ती पाण्यात तोलली, भिंगाखाली फिरवली. अस्सल होती. कुठला उपचार नाही, रंग नाही. मी फोटो काढला, रिपोर्ट टाईप केला, मॅडमनी सही ठोकली. दादानं कागद कपाळाला लावला. बहिणीनं त्यालाही समोर बसवून वरपासून शेऱ्याच्या ओळीपर्यंत मराठीत वाचून दाखवलं. तो मान डोलवत ऐकत होता, ऐकण्यापेक्षा तिच्याकडे बघतच जास्त होता.

पुढं दिवाळीच्या आधी पडेगावहून सासू-सून आल्या. सून विशीतली, डोळे रडून सुजलेले. सासूनं पिशवीतून बांगडी काढून टेबलावर आपटली. हिरवी म्हणून घेतलेली बांगडी पार फिकी पडली होती, मधून मधून पांढरी. "लग्नात घातली हिच्या हातात," सासू म्हणाली, "आन् बघा, पांढरी फटक झाली. त्याच आठवड्यात माझ्या पोराची गाडी घसरली. पाय प्लास्टरात हाय. हिच्या हातात हिरवं टिकंना, तर माझं पोरगं कसं टिकायचं? तुम्हीच सांगा, ह्यात हिचा पायगुण नाय तर काय?"

सून खाली मान घालून उभी होती. ती बसायलाच तयार नव्हती. सासूनं सर्टिफिकेट पुढं केलं. लॅमिनेशन केलेलं, कोपऱ्याला भोक पाडून दोरा ओवलेला. मी ते घेतलं आणि उजेडाकडे नेऊन पुन्हा बघितलं. फोटो मी काढलेला. नंबर मी टाकलेला. खाली कदम मॅडमची सही. मात्र फोटोतली बांगडी वेगळी आणि टेबलावरची वेगळी. कागद रंगीत झेरॉक्स होता.

मॅडमनी कागद पाहिला. बांगडी दोऱ्याला बांधून पाण्यात सोडली, भिंगाखाली धरली आणि मग सुनेला हाताला धरून जवळ ओढलं. "ये इकडं. ह्याच्यातून बघ. ह्या भेगा दिसतात? त्यांच्यात हिरवं साचलंय, बाकी पांढरंय. हा जेड नाय, रंगवलेली गार हाय. भांड्याच्या साबणानं रंग गेला. तुझा काय संबंध?" मग सासूकडे वळल्या. "आता तुम्ही बघा. बघा म्हणते ना!" सासूनं भिंगाला डोळा लावला. बराच वेळ लावला. मग ती मटकन खुर्चीत बसली आणि सुनेला म्हणाली, "बस की गं, उभी कशापायी?"

"कुठून घेतली?" मॅडमनी विचारलं.

"येरूळला. लेण्यांच्या रस्त्याला एक देवगावचा माणूस हाय. लई सरळ माणूस. म्हणला, माझ्या बहिणीची सही हाय, डोळे झाकून घ्या."

त्या दोघी गेल्यावर मॅडमनी भिंग गळ्यातून काढून टेबलावर ठेवलं आणि मला म्हणाल्या, "देशपांडे, गाडी काढा."

वेरूळपर्यंत त्या मागं बसून रस्त्याकडे बघत होत्या. मी मात्र मनातल्या मनात दादासाठी शिव्या जुळवत होतो. टपरीवर पोचलो तर समोर दृश्य काय? दोरीवर हिरव्या बांगड्या ओळीनं टांगलेल्या आणि प्रत्येकीच्या खाली लॅमिनेशन केलेलं सर्टिफिकेट. वाऱ्यानं सगळे कागद हलत होते, सगळ्यांवर एकच फोटो, एकच नंबर, एकच सही. मी आयुष्यात इतका हादरलो नव्हतो. दादा मात्र आम्हांला बघून हरखला. "अगं ये, ये! देशपांडे साहेब, बसा. च्या सांगतो."

"दादा, हे काय करून ठेवलंस?"

"काय?"

"हे कागद. एका बांगडीचा कागद सगळ्यांना कसा लावलास?"

दादाला प्रश्नच कळेना. त्यानं बहिणीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "अगं, तूच तर तपासलीस. पोतं एकच. मोंढ्यात काय टॅक्टरमधला एकेक कांदा फोडून बघत्यात का? मूठभर उचलत्यात, भाव बोलत्यात, अख्खा टॅक्टर त्या भावानं जातो. तसं मी पोत्यातली एक काढली, तू पास केलीस. पोतं पास झालं. झेरॉक्सचं म्हणशील तर रेशन कार्डाची काढत नाय का आपण?"

त्याच्या चेहऱ्यावर लबाडीचा मागमूस नव्हता, हेच भयंकर होतं. लबाड माणसावर ओरडता येतं. मी गाडीवर जुळवलेल्या सगळ्या शिव्या वाया गेल्या.

मॅडम टपरीच्या फळीवर बसल्या. "कांद्याचा व्यापारी वरचे कांदे चांगले ठेवतो, तुला ठाऊक हाय," त्या हळू म्हणाल्या. "तू स्वतः खालून हात घालून बघायचास. मग हितं का नाय घातलास?" आणि त्यांनी दोरीवरची एक बांगडी काढून उन्हात धरली, मग दुसरी, मग तिसरी. दादाच्या हातात दिल्या, नखानं भेग दाखवली. दादाचा चेहरा हळूहळू बदलत गेला. तो खाली उकिडवा बसला आणि दोन्ही हात डोक्यावर ठेवले.

"सर्टिफिकेटाच्या मागं लिहिलेलं असतं," मॅडम म्हणाल्या, "की हा कागद तपासलेल्या एका वस्तूपुरताच हाय. येणाऱ्या प्रत्येकाला मी ते वाचून दाखवते. तुला नाय दाखवलं. घरचा माणूस म्हणून मागची बाजू उलटलीच नाय मी."

"मग आता?"

"आता तक्रार. ज्यानं माल दिला त्याच्यावर." त्या क्षणभर थांबल्या. "आन् तुझ्यावर."

मी अक्षरशः उडालो. मी मध्ये पडलो, म्हणालो, मॅडम, काय बोलताय, सगळे कागद इथंच जाळून टाकू, घरचं घरात मिटवू. आमच्या घराण्यात हेच शिकवलेलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. "विकलेल्या बांगड्या कुठल्या कुठल्या पोरींच्या हातात हायेत, मला ठाऊक नाय," त्या दादालाच सांगत होत्या. "सकाळी एक बघितली. बाकीच्यांपर्यंत मी कशी पोचू? गुन्हा नोंदला तर पेपरात येईल, लोक बांगड्या घेऊन येतील. दुसरा रस्ता मला दिसंना, दादा. तुला दिसत असला तर सांग."

समोरून सहलीची पोरं ओरडत गेली. मग दादा उठला, एकेक कागद दोरीवरून काढायला लागला आणि म्हणाला, "लिही. पण नाव पुरतं लिही, बापाचं नाव घालून. अर्धवट नको."

पोलिस ठाण्यात मॅडमनी तसंच लिहिलं. कचरू एकनाथ कदम. पोलिसानं दोनदा विचारलं, "नात्यात आहेत का?" आणि मॅडमनी "सख्खा भाऊ" असं सांगितल्यावर त्यानं पेन खाली ठेवलं. आमचे मालक तर वेड लागल्यासारखे झाले. नंबर रद्द करू, भावाला समज देऊ, बोभाटा कशाला, असं ते दिवसभर समजावत होते. बातमी छापून आली आणि माडीवर बायकांची रांग लागली. मॅडमनी प्रत्येकीची बांगडी फुकट तपासली. एका बांगडीसोबत एक रडकी सून किंवा एक घाबरलेली आई असायचीच. अस्सल एकही निघाली नाही.

सराफा मात्र फिरला. जी भावाची झाली नाही ती आपली काय होणार, असं तोंडावर बोलायला लागले. मला राग यायचा, पण खरं सांगतो, रात्री अंथरुणावर पडलं की मलाही तोच प्रश्न पडायचा. या बाईंना काळीज आहे की नाही?

भाऊबीजेला त्यांनी मला देवगावला सोडायला सांगितलं. मी म्हटलं, जाऊ नका. त्या गेल्याच. वहिनीनं दार उघडलं नाही. आतून आवाज आला, "पोलिसात घातलं, आता ओवाळायला आली व्हय?" मॅडम ताट घेऊन अंगणात उभ्या राहिल्या. मग मागच्या दारानं दादा बाहेर आला, काखेत पाट घेऊन. आम्ही तिघं चालत एसटीच्या थांब्यावर गेलो. दादानं शेडमध्ये पाट मांडला, टोपी घातली आणि बसला. हॉटेलातली माणसं कप हातात धरून बघायला लागली. मॅडमनी ओवाळलं. माझे डोळे भरून आले आणि मी उगाच गाडीची चावी पुसत बसलो.

पुढं मॅडमना काम मिळेनासं झालं आणि त्या पुन्हा जयपूरला गेल्या, कायमच्या. मी त्यांना शेवटचं पाहिलं ते खुलताबादच्या कोर्टात, केस उभी राहिली आणि त्या तिथून आल्या त्या दिवशी. रिपोर्ट टाईप केलेला म्हणून मलाही समन्स होतं. व्हरांड्यात पोचलो तर कोपऱ्यात बहीण-भाऊ फरशीवर बसून एकाच डब्यातली भाकरी खात होते. ती त्याला म्हणत होती, विचारलं तर कांद्याचं सांग, जसं मला सांगितलंस तसंच सांग, जास्तीचं काही नको. तो मान हलवत होता. मला बघून त्यांनी सरकून जागा केली आणि अर्धी भाकरी माझ्या हातात ठेवली.

कोर्टाचा शिपाई पुकारा करायला बाहेर आला. दादाकडे बघून त्यानं मॅडमना विचारलं, "बाई, तुम्ही आरोपीच्या घरच्या का?"

"व्हय."

"मग थांबा हितं. आधी सरकारी साक्षीदार शालिनी कदम लागतील. कुठं हायेत त्या?"

"मीच ती."

शिपायानं हातातला कागद पुन्हा वाचला. मॅडमनी ओढणीला हात पुसले. दादाच्या शर्टाची कॉलर एका बाजूनं आत दुमडली होती ती बोटानं बाहेर काढून नीट केली, आणि त्याच्याविरुद्ध साक्ष द्यायला त्या आत गेल्या.